प्रवेशिका मागवीत आहोत

हीउमा बेटावर, कॅर्डला गावात,
बंद पडलेल्या डेअरीच्या वरच्या मजल्यावर
मी जाहिरात लिहिते आहे. चौथा खर्डा.
"आपली वेबसाइट पुरस्कारासाठी पाठवा."
इथवर ठीक. पुढे?
"नावीन्य" खोडलं. "उत्कृष्टता" दोनदा खोडली.
हे शब्द इतक्या हातांतून फिरलेत
की नाण्यासारखे गुळगुळीत झालेत,
कुठल्या राजाचे, तेही कळत नाही.

आलेल्या प्रवेशिका सात.
सातही टॅलिनच्या, काचेच्या इमारतींतल्या.
उघडावं तर आधी धुकं, मग पियानो,
मग एक तरुण बाई समुद्राकडे बघून हसते.
कंपनी विकते काय, ते तीन पानं सापडत नाही.
उथळ पाण्याला खळखळाट फार,
पण हे परीक्षकांना कळवायचं कसं?

बेटावरून एकही नाही.
शनिवारी सायकल काढली.

वाइके काकू म्हणाल्या, "माझी कसली गं साइट!
मोज्यांवरच्या नक्ष्या टाकल्यात नुसत्या.
कुठल्या वाडीतली बाई कुठली वेल विणायची,
कुणाच्या लग्नाला, कुणाला पुरताना."
दोनशे चौदा नक्ष्या. प्रत्येकीखाली एक नाव.
काही नावांपुढे फक्त: "डाव्या हातानं विणायची."
"बक्षीस घ्यायला जायचं तर बूट नवे लागतील,"
म्हणाल्या, आणि विषय मिटवून
माझ्या हातावर उकडलेला बटाटा ठेवला,
गरम, मिठाचा खडा लावून.

मग म्हातारा हेल्डुर, धक्क्याजवळचा.
त्याच्या साइटवर चित्र नाही, रंग नाही,
पांढऱ्यावर काळे आकडे.
अठ्ठ्याण्णव सालापासून, हिवाळाभर, रोज पहाटे
तो गोठलेल्या समुद्रावर चालत जातो,
गिरमिटानं भोक पाडतो, पट्टी घालतो,
घरी येऊन लिहितो.
एकवीस सेंटिमीटर. चोवीस. चोवीस, पण वर पाणी.
आज गाडी नको.
आज चालत जा, एकेकटे, काठी धरून.

आणि अलीकडचे हिवाळे:
बर्फ नाही.
बर्फ नाही.
बर्फ नाही.
एकोणनव्वद दिवस, आणि मधेच एका ठिकाणी
"बर्फ नही", काना राहिलेला.
म्हणजे रोज नव्यानं टाइप केलेलं.
"एकदा लिहून कॉपी का नाही करत?" मी विचारलं.
"रोज जाऊन बघतो ना," तो म्हणाला.

त्याच्यासमोर अर्ज ठेवला. अकरा प्रश्न.
पाचवा: रोज किती जण भेट देतात?
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"ते नाही मोजलं.
बुडाले किती, ते मोजलंय. लिहू?"
"लिहा."
त्यानं शून्य काढलं,
सावकाश, दोनदा गिरवून.
बाकीचे प्रश्न कोरे ठेवले
आणि चुलीत लाकूड सारायला उठला.

परतताना वारा समोरून.
जुनिपरची झुडपं जमिनीला टेकलेली.
डेअरीत आल्यावर चौथा खर्डा फाडला.

आता असं लिहिलंय:
कुणीतरी कधीतरी विचारेल म्हणून
ज्यांनी काही मांडून ठेवलंय, त्यांनी पाठवा.
आकडे चालतील. मोजे चालतील.
काना राहिला असेल तर राहू द्या.
फी नाही. बूट जुने चालतील.
बक्षीस: लोकरीची एक घोंगडी, धुरी दिलेले मासे,
आणि वर्षभराचं सर्व्हरभाडं आमच्याकडे.
अंतिम तारीख: समुद्र गोठेल तो दिवस.

संध्याकाळी मारिकाचा फोन. अध्यक्ष तीच.
"लेलो, बाकी छान आहे गं,
पण तारीख? छापखान्याला आकडा हवाय."

खिडकीतून धक्का दिसतो.
जानेवारीची अठ्ठावीस,
आणि लाटा लाकडी खांबांवर आपटताहेत,
ऑगस्टमध्ये आपटतात तशा.

"तसंच छाप," म्हटलं.
"वेळ आहे."