पहिला धागा

सकाळी आलीस की पहिला धागा बांधायचा नाही, तस्लीम.
तोडायचा.
बॉबिनमधून वीतभर ओढ, हुकाला चार वेढे दे,
आणि ताणत जा.
तुटायच्या जरा आधी तो सैल पडल्यासारखा वाटतो,
भांडण मिटल्यासारखा.
ती जागा बोटात ठेव.
दिवसभर तिच्या अलीकडे राहायचं,
पण फार अलीकडे नाही. घाबरून बांधलेली माशी
पहिल्याच पाण्यात सुटते.

हो, माशीच म्हणायचं. शेठ फ्लाय म्हणतो.
हुकावर पीस, पिसावर धागा,
माशाला फसवायला माशी.

पंखा मागू नकोस.
मागच्या मे महिन्यात एकीनं लावला होता,
कोंबड्याच्या मानेची तीन हजारांची पिसं
शेजारच्या गाळ्यात गेली, बॅगवाल्याच्या डिंकात.
वाशीनाक्याच्या या पत्र्याखाली घाम पुसत
आपण बांधतो बर्फाच्या पाण्यातल्या माशासाठी.
मी तो पाहिला नाही.
शेठनंही नाही, त्यानं ऑर्डर पाहिली आहे.

बारीक हुकाला सत्तर डेनियर.
हरणाचे केस आले की एकशेचाळीस घे,
आवळले की ते फुलतात,
आणि बारीक धागा त्यांना दाबत नाही, कापतो.
नळीच्या तोंडावरून जीभ फिरव. हसू नकोस, फिरव.
खर असेल तर जिभेला कळते,
धाग्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

रंगासाठी रिळावरचं नाव वाचू नकोस.
ऑलिव्ह लिहिलेले चार रंग आहेत त्या डब्यात.
आपल्याला हवा तो
ओहोटीनं नुकत्याच उघड्या केलेल्या दगडावरचा.
थेंबभर पाणी लाव, मग ठरव.
भिजला की धागा एक छटा खाली उतरतो,
आणि मासा कोरडा धागा कधी बघत नाही.

बॉबिन सुलट फिरवलीस की पीळ चढतो, धागा गोल होतो.
उलट फिरव, उकलतो, फितीसारखा चपटा पडतो.
पोटाला चपटा. मानेला गोल.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
सहा महिने माझ्या माशा गरोदर दिसायच्या.

आणि बोटं.
मी तेव्हा कोळंबी सोलून थेट इथे यायचे,
कातडीच्या सालपटांत धागा अडकून केसाळ व्हायचा.
डझनातल्या पाच परत.
टाचेचा दगड बोटांना लाव, रात्री, रोज.

परत आलेल्यातली एक मी माहुलला घरी नेली होती.
सासरे, पोशा नाखवा, जाळं विणत बसलेले.
होडी विकून चार वर्षं झाली, जाळं अजून विणतात.
म्हणाले, काय गो, पिसानी म्हावरा फसतंय?
आणि खूप हसले.
मग चष्मा लावला.
पिसाकडे बघितलंच नाही त्यांनी,
मानेवर नख फिरवत राहिले.
गाठ खं हाय?
म्हटलं, गाठ नाही, बाबा.
शेवटचे पाच वेढे स्वतःच्याच शेपटावरून घ्यायचे
आणि शेपूट आत ओढून घ्यायचं.
ते काही बोलले नाहीत.
जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

सकाळी माझ्या डब्याच्या झाकणावर
नागडा हुक होता,
पीस वर्तमानपत्राच्या कपट्यात दुमडलेलं,
आणि सगळा धागा, एकही तुकडा न पडता,
काडेपेटीच्या काडीवर गुंडाळलेला.
मेण अजून होतं त्यावर.