पुढचा टप्पा : मीच

रात्री दोन ते चार. एवढीच खिडकी मिळाली आम्हाला,
फुजैराच्या या बिनखिडक्यांच्या खोलीत.
एसी सोळावर. थंकच्चननं कानटोपी घातली आहे,
ऑगस्टात, बाहेर या वेळीही चौतीस.

सीमेवरच्या राऊटरला लाखभर पत्ते पाठ,
मधल्यांना एकही नाही.
मधल्यांनी नाव-गाव-फळ-फूल खेळायचंच नाही.
वरचं लेबल बघायचं, ते काढून आपलं चिकटवायचं,
ढकलायचं पुढे.
आत पगाराची पावती असो, बारशाचा फोटो असो,
कुणी कुणाला हासडलेली शिवी असो,
त्यांना देणंघेणं नाही.
आकडाही असा, की दोन शेजाऱ्यांपुरताच खरा.
तिसऱ्याच्या दारात त्याला कुत्रं विचारत नाही.

सगळं नीट लिहिलं होतं मी.
बोगदा उभा होता इथून सोहारपर्यंत,
शेजारी एकमेकांशी बोलत होते, रूट येत होते,
आणि एक पॅकेट पलीकडे जाईल तर शपथ.
याकूब सोहारहून दर पाच मिनिटांनी,
"आलं?"
"नाही."
"आता?"
तीन वाजून दहा.

थंकच्चन स्क्रीनकडे बघतही नाही, चष्मा पुसतो.
"कुठे जा म्हणतोय तो?"
मी बघते.
पत्ता दिलाय थेट पलीकडचा,
सीमेबाहेरच्या परक्याचा,
ज्याला आमच्यातलं कुणी ओळखत नाही,
ज्याच्यापर्यंत कुठलाच बोगदा जात नाही.

एक ओळ राहिली होती.
पुढचा टप्पा : मीच.
सीमेवरच्यानं आतल्यांना सांगायचं असतं,
त्या लांबच्याचं नाव काढू नका,
माझ्यापर्यंत आणा, पुढचं मी बघतो.

हेच शब्द, मोडक्या हिंदीत,
नऊ वर्षांपूर्वी शारजाच्या विमानतळाबाहेर
माझी बॅग उचलताना.
मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.
मग खोली. लायसन्स. दाढ ठणकली त्या रात्री
दार उघडणारा एकमेव डॉक्टर.

ओळ टाकली. कमिट.
याकूब आधी देवाचं नाव घेतो,
मग विचारतो, उरलेल्या वेळात झोपू का?

अकरा दिवसांनी थंकच्चन जाईल, कायमचा.
कार्ड इथेच जमा करायचं असतं,
घराच्या एक टप्पा अलीकडे.
पॅकेटचंही असंच. शेवटच्या आधीचाच
लेबल उतरवून घेतो,
आणि ते तसंच, उघडं, दारात जाऊन उभं राहतं.

बाहेर दमट काळोख. समुद्रात नांगरलेल्या टँकरांचे दिवे,
जणू कुणीतरी दुसरं शहर पाण्यात सोडून गेलंय.
त्यानं खिशातून रॅकची किल्ली काढून दिली.
चिकटपट्टीवर बॉलपेननं, मल्याळममध्ये, काहीतरी.
मला वाचता येत नाही, म्हटलं.
"तू कशाला वाचतेस," तो म्हणाला,
"कुलपाला येतं."