उकैरचं जकातघर

इस्तंबूलहून नवा तराजू आला, खोक्यात, भुशात पुरलेला.
वजनं मात्र आली नाहीत.
पुढच्या गलबतानं येतील, म्हणाले नुझहत एफेंदी,
तोवर जुन्याच दगडांनी जोखा.

आम्ही जयगडची माणसं. तांदूळ, सागवान आणतो,
खजूर भरून नेतो. राज्यं कशी चालतात
ते धक्क्यावरून दिसतं तेवढंच:
पहाऱ्यावरच्या शिपायाच्या कोटाला गेल्या साली सहा बटणं होती,
यंदा दोन.
उरलेली चार खजूरवाल्या मुबारकच्या पोरीच्या गळ्यात.

भिंतीवर फर्मान डकवलंय. एफेंदी वाचून दाखवतात:
लाच बंद. सगळी रयत सारखी. पगार महिन्याच्या महिन्याला.
शेवटल्या ओळीशी त्यांचाच आवाज खाली बसतो.
अकरा महिने झाले.

तरी माणूस सरळ. माझी बक्षिसी
परत केली त्यांनी, वर पावती दिली;
न घेतलेल्या पैशाची पावती
मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.
अजून पेटीत जपून ठेवलीय.

वाळू रोज उंबरा ओलांडते. रोज झाडतात.

निघायच्या दिवशी शीड चढवत होतो, तेव्हा
ते एकटेच आले धक्क्याच्या टोकाशी,
इकडेतिकडे बघत:
"तांडेल, मुंबईत लाल कापड मिळतं ना?
पाच वार. निशाण उन्हानं गुलाबी पडलंय.
पैसे पुढल्या खेपेला."

मिळेल, म्हणालो, विलायती गिरणीचं.

ते जरा थांबले.
मग विचारलं,
रंग पक्का असतो का त्याचा?