हे पान फ्रेंचमध्ये आहे

शर्विलच्या सातवीच्या पुस्तकात
अक्षरांच्या डोक्यावर माश्या बसलेल्या.
एक तर मी बोटाने झटकून पाहिली.
शिकवणीच्या बाई महिन्याला अठराशे म्हणाल्या,
पुस्तकाचे वेगळे.
मी म्हटलं, बघते.

कोपरखैरणे, सेक्टर सहा, पोटमाळ्यावर
ह्यांच्या शेठनं दिलेला जुना लॅपटॉप.
वायर निघाली की विझतो.
समोरच्या जानकरांच्या रेवतीने ब्राउझरमध्ये
फुकटातलं एक एक्स्टेन्शन घालून दिलं:
बाण शब्दावर नेऊन थांबलं
की खाली चौकोन उघडतो,
कपाटाच्या खणासारखा,
आत अर्थ, घडी घालून ठेवलेला.
दुसरं एक वाचून दाखवतं.
त्यातल्या बाईचा वेग मी निम्म्यावर आणला,
तेव्हा ती भूल उतरत असल्यासारखी बोलू लागली,
पण कळू लागली.

आणि वरून ती पट्टी, न चुकता, रोज:
हे पान फ्रेंचमध्ये आहे. भाषांतर करू?

पहिल्या दिवशी हो म्हटलं होतं.
सूपची कृती होती. मराठीत आली:
"कांद्यांना घाम गाळायला लावा."
इतकी हसले की खालून ह्यांनी विचारलं, कोण आलंय?
पुढच्या आठवड्यात पट्टीला नको म्हणून
तीच कृती शब्दाशब्दावर बाण नेत वाचली,
तर मशीनची चूक नव्हती.
तिकडे खरंच घाम म्हणतात.
मंद आचेवर, झाकण ठेवून, कांद्याला घाम.
त्या रात्री कढईवरचं झाकण उचललं
आणि पाहतच राहिले.
तेव्हापासून पट्टीला नको.

चंद्र तिथे ती.
समुद्र ती. टेबलसुद्धा ती.
'ते' नाहीच त्यांच्याकडे.
मग लेकरू, वासरू, पाखरू,
यांनी तिकडे जाऊन उभं कुठे राहायचं?
घर पण ती.
म्हणजे मी रोज हिलाच झाडत होते,
हिच्याच भिंतीची ओल पुसत होते,
आणि दोघींपैकी एकीनेही
सांगितलं नाही.

जूनमध्ये शर्विलने संस्कृत घेतलं.
स्कोअरिंग असतं, आई. शंभरपैकी शंभर.
डिमेलो टीचर पण म्हणाल्या, घे.
ते एक्स्टेन्शन काढून टाकू का?
लॅपटॉप हळू चालतो त्याने.
माझ्या यादीत तेव्हा
तीनशे बारा शब्द होते, पिवळे केलेले.
राहू दे, म्हटलं.
चालू दे हळू.

तो आता खाली मोठ्याने रूपं पाठ करतो,
वर मी.
मधल्या शिडीवर मांजर.

तू आणि तुम्ही तिकडेही आहे.
अनोळख्याला तुम्ही. साहेबाला तुम्ही.
नवऱ्याला
(चारदा बाण नेला, चारदा चौकोन उघडला)
तू.

अठरा वर्षं झाली, अहो म्हणते.
सासूबाई असताना तर तेही नाही,
नुसतं बांगड्या वाजवणं.

काल दुपारी हे मसाला मार्केटमधून आले,
कॉलरला हळद, मागोमाग मिरचीचा खकाणा,
मला दोन शिंका.
तांब्या पुढे करत म्हटलं,
त्यू आ स्वाफ?
तुला तहान लागलीय का.
मान वर झाली. काय?
काही नाही, धडा आहे.

प्यायले. गळ्याचा मणका वरखाली झाला.
तांब्या खाली ठेवला, मिशी पुसली,
म्हणाले, परत म्हण बघू.

परत म्हटलं.
निम्म्या वेगाने.