जूनपर्यंत

निषादच्या दाढेला मी सांगितलं, जूनपर्यंत थांब.
मिरजेत डॉक्टर मगदूम आहेत,
साडेतीनशे रुपयांत सिमेंट भरतात
आणि वर हातात लिमलेटची गोळी ठेवतात,
दातांच्या डॉक्टरने जी ठेवू नये.
इथे शारजात, आमच्या टॉवरच्या खालीच क्लिनिक आहे.
नुसतं तोंड उघडायचे दीडशे दिरहम.
कंपनीचा विमा दातांना अवयव मानत नाही.

पहिलं वर्ष माझं तेविसाने गुणण्यात गेलं.
कोथिंबिरीची जुडी, गुणिले तेवीस.
यतीनचे केस, गुणिले तेवीस.
शेजारची शैनी चेची म्हणाली,
गुणणं सोड, गुणणारा इथे जेवत नाही.
मी सोडलं.
म्हणजे मोठ्यानं गुणायचं सोडलं.

भाड्याचे चार चेक आधीच लिहून द्यावे लागतात.
टेबलावरची ताटं उचलून यतीन बसतो,
पेनाचं टोपण दातात धरून
सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, जून यांच्यावर सह्या करतो,
जसे काही ते महिने आपल्याकडेच ठेवलेत.
नाही वटला तर? कौमुदीनं विचारलं.
तो म्हणाला, वटतो.
मग पाणी प्यायला उठला, आणि बराच वेळ आला नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे माहीत आहे.
इथे अंथरुणाचंच भाडं आहे
आणि मुलांचे पाय दर सहा महिन्यांनी एक नंबर पुढे जातात.
कौमुदी सातवीत गेली, फी गेली तिच्यापुढे.
दुसऱ्या मुलाला शाळा पाच टक्के सूट देते,
तेव्हापासून निषाद पाहुण्यांना सांगतो,
मी पाच टक्के.

तर जून.
कौमुदीच्या चष्म्याचा नंबर जूनला.
माझं थायरॉईड जूनला, ब्लाउजपीस जूनला,
यतीनच्या बुटाचा तळवासुद्धा
(तो म्हणतो, मिरजेत चांभार शिवून देईल).
आमच्या घरी जून हा महिना नाही, माळा आहे,
काही सुचलं नाही की वर टाकायचं.

पण शाळांना सुट्ट्या लागतात, हे विमानांनाही कळतं.
एरवी पाचशेला मिळणारी खुर्ची
जूनअखेर सतराशे मागते.
रात्री दोनला दर उतरतात असं कुणी सांगितलं,
म्हणून यतीन दोनला उठायचा,
मोबाईलच्या उजेडात त्याचा चेहरा
परीक्षेचा निकाल बघणाऱ्या मुलासारखा.
एका सकाळी चहा गाळताना म्हणाला,
यंदा दोघंच जाऊन या.
कोण दोघं, ते बोलला नाही.
मीही विचारलं नाही, चहात साखर घालून ढवळत राहिले,
तो बिनसाखरेचा पितो हे विसरून.

एप्रिलातल्या एका गुरुवारी, डब्यातल्या मेथीच्या पराठ्याबरोबर
दाढ आपणहून निषादच्या हातात आली.
बसमधून उतरला तो मूठ मिटून.
रक्त होतं थोडं, रुमालाला. रडला नव्हता.
मूठ उघडून म्हणाला,
आई, आपले किती वाचले?

आकडा माझ्या जिभेवर आला होता.
गुणून आला होता.

आमच्याकडे दुधाचा दात कौलावर फेकायचे,
उंदराला सांगायचे, तुझा दे.
इथे गच्चीला कुलूप, किल्ली नातूरकडे,
आणि बाल्कनीतून फेकावी तर खाली
कुणाची तरी पांढरी लेक्सस उभी.
शेवटी केशराच्या रिकाम्या डबीत ठेवली,
चेकबुकाच्या खणात.

रात्री हिशेबाची वही काढली.
जमेला धरवेना, खर्चालाही नाही.
समासात लिहिलं: निषाद, दाढ, स्वतःहून.
तारीख घातली.
या तारखेचा चेक आम्ही कुणालाच दिलेला नव्हता.