होऊ घातलेलं

नेब्रास्का, जानेवारी. टायरवाल्याला लागून आमचं दुकान.
दारात बर्फ ओढायचं फावडं,
आत भिंतभर काळे डबे, लाल झाकणं,
प्रत्येकावर कुणाचा तरी मुंडकं नसलेला दंड.

वीस तारखेपासून हे विकायचं नाही.
कायदा झालाय. मालक म्हणाला, लोर्ना,
दोनावर एक फुकट, असं लिही पाटीवर.
लिहिलं. अक्षर माझं बरं आहे.

मग लोक आले. मक्याच्या कोठारावरचे,
कत्तलखान्याच्या रात्रपाळीचे,
शेरीफच्या कचेरीतला एक, टोपी काखेत दाबून.
वादळाआधी पाव नेतात, तसे खोक्यांनी नेत होते.

"यात हार्मोन असतं का?" नवखे विचारायचे.
उत्तर पाठ होतं मला:
हार्मोन नाही. होऊ घातलेलं हार्मोन.
मळलेलं पीठ आम्ही देतो,
भाजायचं तुमचं तुम्ही, आतल्या आत.
कंपनीचा माणूस हे शिकवून गेला होता,
मनगटात घड्याळाचा पट्टा रुतलेला.
पिठात आणि पावात फार अंतर नाही
हे कायद्याला कळायला आठ वर्षं लागली.

क्लेटन वोपात पहिल्यांदा आला ऑगस्टात.
सोळा पूर्ण. शाळेच्या कुस्तीत एकशे बावन्न पौंडांचा गट.
कान अजून कोवळे, न चिरडलेले.
जत्रेत स्वतः वाढवलेलं डुक्कर विकून आलेले पैसे.
डुकराचं नाव त्यानं सांगितलं होतं, मी विसरले.
वय विचारायचं बंधन नव्हतं.
विचारलं नाही.
पाणी भरपूर पी, एवढं म्हटलं.

आज तो गर्दी ओसरेपर्यंत उभा राहिला,
पाटी वाचत, संपली की पुन्हा पहिल्यापासून.
मग कोट उघडून शर्टावर बोट ठेवलं, डावीकडे.
"इथं गाठ आहे. नाण्याएवढी. दाबलं की कळ येते.
कोचला नाही सांगितलं. आईला तर नाहीच.
तुम्ही विकता ना हे... म्हणून."

नर्सिंगची दोन वर्षं झाली होती माझी, पैसे संपेस्तोवर.
मला ठाऊक होतं.
द्रव्य एकच, पुढे फाटा फुटतो,
आणि फाट्यावर शरीर कुणाला विचारत बसत नाही.
थोडं पुरुषाचं होतं, थोडं बाईचं,
उरलेलं लघवीतून बिग ब्लू नदीला.
पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं होतं.
गिळलं.

म्हटलं, आजपासून बंद. डॉक्टर हावोर्काबाईंकडे जा,
डबा बरोबर ने, लाजू नको.
"बसेल का खाली?"
बसेल बहुतेक.
बहुतेक हा शब्द
त्या दुकानात मी पहिल्यांदा वापरला.

"शनिवारी कुस्ती आहे," तो म्हणाला,
"तो पोशाख अंगाला चिकटतो."
यावर माझ्याकडे काही नव्हतं.

दुसरा, न फोडलेला डबा त्यानं काउंटरवर ठेवला.
"याचे पैसे परत मिळतील?"
अडतीस डॉलर. गल्ल्यातून दिले.
परतीच्या वहीत कारणाचा रकाना असतो,
तो कोरा सोडला.
बाहेर त्याचा ट्रक गारठला होता,
तिसऱ्या खेपेला लागला.

तेवढ्यात दाराची घंटी. आत येणाऱ्यानं
बुटांचा बर्फ झटकत पाटीकडे पाहिलं.
"दोनावर एक ना?"
मी हो म्हटलं.
क्लेटनचा डबाही त्यातच गेला.