तेहतीसपैकी एक

ट्रेलरच्या छताला बारा डोळे बसवले, तेव्हा मार्च होता.
वाल्गाच्या यार्डात काळपट बर्फ साचलेला,
आणि हेल्दुर शिडी धरून उभा,
जणू त्याच्याच टाळूला कुणी भोकं पाडतंय.

"काय बघणार हे?"
"जे नसेल ते," मी म्हटलं.
"जे नाही ते बघायला बारा डोळे?"

तेहतीस पॅलेटची जागा,
माझ्या पडद्यावर तेहतीस चौकोन.
भरला तो निळा, रिकामा तो पांढरा.
आधी विचारावं लागायचं. ड्रायव्हर सांगायचे,
"बसवू कसंतरी", किंवा
"छे, खच्चून भरलंय"
आणि त्या खच्चून भरलेल्यात निघायची
एक अख्खी खोली, दिवाण मावेल अशी.
हवा वाहत होतो आम्ही.
वाल्गा ते पोझनान, डिझेल जाळून,
टोल भरून,
हवा.

आता पांढरं दिसलं की मी फोन उचलते.
कौनासहून चार पॅलेट रंगाचे डबे,
सुवाउकीत दोन, लहान मुलांच्या खुर्च्या,
एका बाईचं शिवणयंत्र, तेही उभं बसलं कोपऱ्यात.
मालक काल्यू टक्के मोठ्यानं वाचतो
आणि स्वतःच कॉफी करून आणतो. हे आधी कधी झालं नव्हतं.

एप्रिलअखेरचा मंगळवार.
पोलंडहून परतीला काहीच मिळालं नव्हतं.
गाडी आउगुस्तुफच्या थांब्यावर, सक्तीच्या पाऊण तासात.
सगळे चौकोन पांढरे
आणि एकोणिसावा निळा.

धूळ असेल. दमट हवा असेल.
मग निळा सरकला. विसावर गेला,
परत एकोणिसावर येऊन थांबला.
माझ्या पोटात गोळा आला. फोन लावला.
वाजत राहिला, वाजत राहिला.
"ट्रेलरमध्ये कुणीतरी आहे, हेल्दुर."
"मी आहे."
"काय करतोस तिथे?"
खाकरला. बराच वेळ काही नाही.
"गातोय."

गावच्या वृंदात तो शेवटच्या रांगेत असतो,
सगळ्यात खालच्या सुरांचा.
घरी भिंती कागदाच्या, शेजारी रात्रपाळीचा.
केबिनमध्ये सूर काचेवर आपटून पडतो.
पण रिकाम्या ट्रेलरात
तो तेरा मीटर चालत जातो, म्हणाला,
आणि परत येतो तेव्हा
माझ्यापेक्षा वयानं मोठा असतो.

रिकामं भांडं जास्त वाजतं, आई म्हणायची.
मला उद्देशून. शिवी म्हणूनच.

मी हिशेब करून पाहिला. एक चौकोन सोडला तर?
दोन? खिडकीजवळची एक रांग?
भागत नाही.
उभं राहायला एक पुरतो,
घुमायला तेहतीसही लागतात.

गुरुवारी अलितुसहून खनिज पाणी आलं,
बरोब्बर तेहतीस पॅलेट. मी विकली जागा.
मग पुढच्या गुरुवारीही. मग जूनभर.
एकदा त्यानं आपणहून फोन केला:
"दाराशी वीतभर राहते गं. उभा राहून पाहिलं.
सगळा आवाज पाणी पिऊन टाकतं."
आणि हसला. मी नाही हसले.

जुलैत त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेले.
चांगलं गायले सगळे.
फक्त एक खालचा सूर
जरा लवकर संपत होता,
पुढे काही रचून ठेवल्यासारखा.

काल सुवाउकीचा माणूस विचारत होता,
सहा पॅलेट आहेत, जागा आहे का?
पडद्यावर तेहतीस पांढरे चौकोन.
नाही, म्हटलं. खच्चून भरलंय.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी
एकोणिसावा निळा झाला.
नोंद आली: भरलेले, तीन टक्के.
काल्यू विचारेल.
विचारू दे.